कर्ज फिटेपर्यंत घरखर्चाचा हिशेब कसा ठेवावा: पहिल्यांदाच वही उघडणाऱ्यांसाठी

आमच्या घरात दोन वर्षं अशी गेली की महिन्याला चार हप्ते जायचे, एकही चुकायचा नाही, आणि वर्षअखेरीला कर्ज होतं तेवढंच. खरं तर किंचित चढलेलंच. हप्ते वेळेवर जातात म्हणजे कर्ज फिटतंय, असा माझा आणि नवऱ्याचा पक्का समज. एका हाताने फेडत होतो आणि दुसऱ्या हाताने कार्डावर पुन्हा काढत होतो, हे कळायला साधी दोनशे पानी वही लागली.

म्हणून आधीच सांगते. हिशेब लिहिला की काटकसर होते, असं पुष्कळ जण सांगतील. थोडी होतेही. पण कर्ज असलेल्या घरात वहीचं मुख्य काम वेगळं आहे: नवं कर्ज कुठल्या दारातून आत येतंय ते पकडायचं. ते दार बंद झालं की जुनं कर्ज आपोआप उतरू लागतं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

आधी हे जमवा

- सगळ्या बँक खात्यांचे मागच्या बारा महिन्यांचे उतारे. नाहीच मिळाले तर निदान तीन महिन्यांचे.
- प्रत्येक कर्जाचं मंजुरीपत्र आणि परतफेडीचं वेळापत्रक. घरात सापडलं नाही तर कर्ज देणाऱ्याकडे मागा.
- क्रेडिट कार्डांची शेवटची तीन बिलं.
- विमा, शिक्षण, कर, वाहन यांच्या मागच्या वर्षीच्या पावत्या.
- एक वही, पेन आणि कॅल्क्युलेटर. मोबाइलवर किंवा संगणकावर लिहायचं असेल तरी चालेल, पण पहिला महिना कागदावर काढा. मी सुरुवात ॲपने केली होती. त्यात चाळीस रकाने होते, आणि तिसऱ्या आठवड्यात मी ते उघडणंच सोडून दिलं.

१. सगळी कर्जं एका पानावर आणा

सहा रकाने आखा: कोणाचं कर्ज, आज बाकी असलेलं मुद्दल, व्याजदर, हप्ता, हप्त्याची तारीख, शेवटचा हप्ता कधी. नातेवाईकांकडून घेतलेले हातउसने, दुकानातली उधारी, ऑफिसातून उचललेला ॲडव्हान्स हे सगळं याच यादीत येतं. व्याज नाही म्हणून ते कर्ज नाही असं होत नाही. आमच्या यादीत सगळ्यात शेवटी, तेही बराच वेळ घुटमळून, नवऱ्याने एक ओळ लिहिली: ‘दादाकडून, दोन वर्षांपूर्वी.’ मला ती रक्कम माहीतच नव्हती. त्या संध्याकाळी वही तिथेच मिटली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. तुमच्याकडेही अशी एखादी ओळ निघाली, तर त्या दिवशी फक्त लिहून ठेवा. भांडायला पुढे वेळ आहे.

‘बाकी मुद्दल’ हा रकाना भरताना ‘हप्ता गुणिले उरलेले महिने’ असं करू नका. त्यात पुढचं व्याजही येतं. मुद्दल वेळापत्रकात वेगळं छापलेलं असतं, तोच आकडा घ्या.

व्याजदराच्या रकान्यात एक सापळा आहे. काही कर्जांना ‘फ्लॅट’ दर सांगतात, म्हणजे मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं. १,००,००० चं कर्ज, तीन वर्षं, १२ टक्के फ्लॅट धरा. व्याज सरळ ३६,००० आणि हप्ता साधारण ३,७७८. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, मोजला तर खरा दर २१ टक्क्यांच्या वर निघतो. तेव्हा यादीतल्या दोन कर्जांचे दर ताडून बघण्याआधी दोन्ही एकाच पद्धतीचे आहेत ना, ते विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं, आणि म्हणून वर्षभर ‘स्वस्त’ समजून सगळ्यात महाग कर्ज बाजूला ठेवलं.

२. मागचे तीन महिने वाचा, बदलू काहीच नका

खातेउतारा घ्या, पेन घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहा: घर, किराणा, प्रवास, औषध, शिक्षण, हप्ता, मौज. आठ-नऊ शब्दांच्या वर जाऊ नका. रोखीने काढलेल्या पैशांचं काय झालं ते आठवणार नाही. तिथे नुसतं ‘रोख’ लिहा.

इथे बहुतेकांना लगेच सुधारणा करायची घाई होते. थांबा. तीन महिन्यांचा खर्च जसा आहे तसा दिसू द्या, कारण अंदाजपत्रक या आकड्यांवर बेतायचं आहे, स्वतःकडून असलेल्या अपेक्षांवर नाही. किराण्यावर महिन्याला बारा हजार जात असतील आणि तुम्ही वहीत आठ मांडले, तर वरचे चार हजार कार्डावरच जाणार.

उत्पन्न दर महिन्याला सारखं येत नसेल, म्हणजे धंदा, कमिशन किंवा सुटी कामं असतील, तर सरासरी धरू नका. वर्षातल्या सगळ्यात कमी कमाईच्या महिन्याचा आकडा धरा. त्याच्या वर येईल ते पुढच्या पायऱ्यांना कामी येईल.

३. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांना गाठा

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

आमचं कर्ज उतरत का नव्हतं, त्याचं उत्तर इथे सापडलं. महिन्याचा खर्च आम्ही बऱ्यापैकी ताब्यात ठेवला होता. पण विम्याचा हप्ता वर्षातून एकदा यायचा, शाळेची फी दोनदा, गाडीचं मोठं काम एकदा, शिवाय घरच्या एखाद्या समारंभाचा खर्च. दरवेळी आम्ही म्हणायचो, ‘हा महिना जरा वेगळा आहे.’ आणि तो खर्च कार्डावर जायचा. बारा महिन्यांचे उतारे पुढ्यात ठेवून मोजलं, तर वर्षातले सात महिने ‘जरा वेगळे’ निघाले.

असे सगळे खर्च तारखांसह एका पानावर लिहा. विमा, फी, कर, वाहनाची देखभाल, डॉक्टर-दातांची तपासणी, कपडे, भेटवस्तू, प्रवास, बिघडून बदलाव्या लागणाऱ्या वस्तू. बेरीज करा आणि बाराने भागा. बेरीज ७२,००० आली तर महिन्याला ६,००० हा तुमचा खर्चच आहे, तो या महिन्यात झाला असो वा नसो. पगार झाला की त्याच दिवशी ही रक्कम दुसऱ्या खात्यात टाका. त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवू नका.

सुरुवातीला एक अडचण येईल. पहिल्याच दोन महिन्यांत एखादा मोठा खर्च आला, तर तेवढे पैसे जमलेले नसतात. तेव्हा बाराने न भागता, त्या खर्चाला जेवढे महिने उरलेत तेवढ्याने भागा. चार महिन्यांवर १८,००० ची फी असेल तर आत्तापासून महिन्याला ४,५००. पहिलं वर्ष ओढाताणीचं जातं. त्या वर्षात कर्जावर जादा काही भरता आलं नाही तरी बिघडत नाही, नवं निघालं नाही म्हणजे जिंकलात.

४. रोजची नोंद, आणि प्रश्नचिन्हाचा रकाना

नोंद घरातल्या एकाच माणसावर टाकू नका. ज्याने खर्च केला त्याने लिहायचं. आमची वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते, तिला दोरीने पेन्सिल बांधलेली. बाहेरून आलं की चप्पल काढायच्या आधी लिहायचं, असा नियम होता. निम्म्या वेळा पाळला जायचा, तेवढा पुरला.

वहीत शेवटी एक रकाना फक्त प्रश्नचिन्हाचा ठेवा. पाकिटात किती असायला हवे होते आणि किती आहेत, यातला फरक तिथे लिहायचा. ‘६४०, आठवत नाही.’ बस. एकदा नवऱ्याने हिशेब जुळावा म्हणून ते ६४० किराण्यात घुसवले. महिनाअखेरीला किराणा वाढलेला दिसला आणि आम्ही नको तिथे कात्री लावायला निघालो. न जुळणारा हिशेब खपतो, जुळवलेला खपत नाही. आणि हो, कोणाच्या प्रश्नचिन्हाची उलटतपासणी घेऊ नका. घेतली की पुढच्या आठवड्यापासून तो रकाना कोरा राहतो आणि किराणा फुगतो.

कार्डाने केलेला खर्च बिल आल्यावर नाही, केला त्या दिवशी लिहायचा. तो पैसा खात्यातून जायचा असला तरी गेलेलाच आहे.

आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, बेरजा करा. रोज केल्या तर कंटाळा येतो, आणि महिन्यातून एकदाच केल्या तर उशीर झालेला असतो.

५. हप्त्यांच्या तारखा

पगार एक तारखेला आणि हप्ते पाच, बारा, वीस, अठ्ठावीसला असतील, तर महिनाभर खात्यात पैसे दिसत राहतात आणि ते आपले वाटतात. जमेल तितके हप्ते पगारानंतरच्या पाच-सहा दिवसांत आणून घ्या. कार्डाच्या बिलाची तारीख बदलून मिळते का, तेही विचारा. पगार एखाद-दोन दिवस मागेपुढे होऊ शकतो, म्हणून अगदी दुसऱ्याच दिवशीची तारीख मागू नका. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला तर दंड लागतो आणि तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर डाग राहतो.

६. थोडे पैसे हाताशी, पण थोडेच

कर्ज असताना शिल्लक ठेवायची की नाही, यावर घरोघरी वाद. माझं मत: एका महिन्याच्या अत्यावश्यक खर्चाइतके पैसे वेगळे ठेवा. त्याहून जास्त, महागडं कर्ज संपेपर्यंत नको.

आमच्याकडे एका बाजूला बचत खात्यात बऱ्यापैकी रक्कम होती, तिला ‘हात लावायचा नाही’ असं ठरलेलं. दुसऱ्या बाजूला कार्डावर महिना ३ टक्के व्याज चालू. खात्यावर वर्षाला मिळणारं व्याज कार्ड दीड महिन्यात गिळत होतं. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने याला ‘मानसिक हिशेब’ म्हटलं आहे. माणूस एकाच पैशाचे मनात वेगवेगळे कप्पे करतो आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात जाऊ देत नाही. वर्तनाच्या अर्थशास्त्रावरच्या कामासाठी थेलरना २०१७ चं नोबेल मिळालं. आम्हाला मात्र त्या रकमेला हात लावायला आठ महिने लागले.

७. जादा पैसा कुठल्या कर्जावर घालायचा

सगळ्या कर्जांचे ठरलेले हप्ते जातातच. त्यावर जे उरेल ते एकाच कर्जावर घाला. चार ठिकाणी थोडं थोडं वाटू नका.

कुठल्या कर्जावर, याच्या दोन रीती आहेत. सगळ्यात जास्त व्याजाचं आधी, किंवा सगळ्यात लहान रकमेचं आधी. पहिलीत व्याज वाचतं. दुसरीत एक हप्ता लवकर सुटतो आणि उमेद येते. दरांत मोठी दरी असेल, म्हणजे एक ३६ टक्क्यांचं आणि एक ११ चं, तर मुकाट्याने ३६ वालं आधी. एक-दोन टक्क्यांचाच फरक असेल तर लहान आधी संपवा.

कार्डाचं बहुतेक वेळा पहिलंच येतं. का, ते पाहा. थकबाकी १,००,०००, व्याज महिना ३ टक्के, तुम्ही दरमहा ५,००० भरता आणि कार्ड पुन्हा वापरत नाही. पहिल्या महिन्यात ३,००० व्याजात जातात, मुद्दल उतरतं २,००० ने. वर्षभरात ६०,००० भरून झाल्यावर थकबाकी ७१,६०० च्या आसपास असते. पूर्ण फिटायला ३१ महिने, एकूण भरणा १,५५,०००. आता ५,००० च्या जागी ७,५०० भरा: अठरा महिन्यांत संपतं, आणि व्याज ५५,००० ऐवजी ३०,००० च्या आत राहतं. हप्ता दीडपट, व्याज जवळजवळ निम्मं.

बिलावर ठळक छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. उलट पूर्ण बिल न भरल्यावर नव्या खरेदीवरही बिनव्याजी दिवस सहसा मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून व्याज धरतात. म्हणून फेड चालू असेपर्यंत ते कार्ड घरी कपाटात.

घराचं कर्ज याच्या उलट टोकाला. १०,००,००० चं कर्ज, ९ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण ८,९९७ आणि पहिल्या महिन्यात त्यातले ७,५०० व्याज. हा आकडा पाहून घाबरायला होतं आणि सगळे पैसे तिकडे घालावेसे वाटतात. तरी महाग कर्जं आधी. पुढे घराच्या कर्जावर जादा रक्कम भराल तेव्हा ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या. मुदतीआधी भरल्याबद्दल काही आकार लागतो का, ते भरण्याआधीच विचारा.

८. एक मोठं कर्ज घेऊन सगळी फेडायची?

करता येतं, पण दोन गोष्टी तपासून. पहिली, मुदत. १,००,००० चं १८ टक्क्यांचं कर्ज दोन वर्षांत फेडलं तर व्याज १९,८०० च्या आसपास जातं. तेच १४ टक्क्यांच्या नव्या कर्जात पाच वर्षांवर नेलं तर हप्ता निम्म्याहून खाली येतो, पण व्याज ३९,६०० होतं. दर उतरला आणि व्याज दुप्पट झालं.

दुसरी, मोकळी झालेली कार्डं. तिसऱ्या पायरीचं पान तयार नसताना असं कर्ज घेतलं तर वर्षभरात कार्डं पुन्हा भरतात आणि नवं कर्ज डोक्यावर असतंच. आमच्या ओळखीत एका घराने हे तीनदा केलं.

९. महिन्याची बैठक

पगारानंतरच्या पहिल्या सुट्टीला, वीस मिनिटं, दोघांनी. घरात मोठी माणसं खर्च करत असतील तर त्यांनाही बसवा. आम्ही सासूबाईंना पहिले काही महिने बोलावलंच नाही, आणि औषधांचा आकडा सतत चुकत राहिला. त्या आल्या, चष्मा लावला, आणि त्यांच्याकडे स्वतःची छोटी वही निघाली. सहा वर्षांची, तारीखवार.

बैठकीत तीनच आकडे बघायचे: सगळ्या कर्जांचं मिळून बाकी मुद्दल, या महिन्यात निघालेलं नवं कर्ज, आणि वार्षिक खर्चांच्या खात्यातली शिल्लक. पहिला आकडा गेल्या महिन्यापेक्षा कमी असला पाहिजे. दुसरा शून्य. तो शून्य नसेल तर खर्च कोणी केला हे विचारू नका, कुठल्या खर्चाला जागा ठेवायची राहून गेली ते शोधा आणि तिसऱ्या पायरीच्या पानावर ती ओळ वाढवा. पहिल्या सहा महिन्यांत आमच्या पानावर पाच ओळी वाढल्या.

मौजेचा रकाना शून्य करू नका. दोघांना थोडी रक्कम अशी द्या जिचा हिशेब मागायचा नाही. आम्ही तो शून्य केला होता, तेव्हा प्रश्नचिन्हाचा रकाना दुप्पट झाला होता.

१०. हप्ता झेपणार नाही असं दिसलं तर

तारीख चुकायच्या आधी कर्ज देणाऱ्याला कळवा. चुकल्यावर गेलात तर बोलणी वसुलीवाल्यांशी होतात. मुदत वाढवून किंवा हप्ता काही काळ कमी करून मिळत असेल तर ते लेखी घ्या, आणि त्या काळातलं व्याज मुद्दलात मिळवणार का ते विचारा. घर किंवा वाहन तारण असलेल्या कर्जाचा हप्ता शक्यतो चुकू देऊ नका, कारण तिथे वस्तूच जाते. आणि एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढू नका. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारं तर नकोच.

११. एखादं कर्ज संपलं की

सुटलेला हप्ता घरखर्चात विरघळू देऊ नका. त्याच तारखेला, तेवढीच रक्कम यादीतल्या पुढच्या कर्जावर वळवा. कर्ज फिटल्याचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या, तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं परत घ्या, आणि महिना-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ते खातं ‘बंद’ दिसतंय का बघा.

कार्डाच्या बाबतीत आणखी एक बिल येईपर्यंत थांबा. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. मी ‘पूर्ण भरलं’ म्हणून ते बिल उघडलंच नाही. आत किरकोळ रक्कम होती, त्यावर उशिराचा दंड बसला, आणि दंड त्या रकमेच्या तिप्पट होता.

खात्यातून आपोआप कापून घ्यायची परवानगी दिली असेल तर ती रद्द झाल्याची खात्री करून घ्या. आमचा एक हप्ता कर्ज संपल्यानंतरच्या महिन्यातही गेला. वहीत त्या तारखेपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याच आठवड्यात लक्षात आलं. तीन अर्ज करून पैसे परत आले. ते कुठल्या रकान्यात लिहायचे, यावर नवऱ्याचं आणि माझं अजून एकमत नाही.